तरुणांतील एकजनुकीय मधुमेह

पंचविशीच्या आतला, अंगाने किरकोळ रुग्ण साखर वाढली म्हणून येतो, तेव्हा त्यास टाइप १ मधुमेह समजून इन्सुलिन सुरू करण्याचा प्रघात आहे व बहुतेक वेळा तो योग्यच असतो. तथापि त्याच घरात आई किंवा वडील, त्यांच्या मागे आजी-आजोबांपैकी कोणी, ऐन तारुण्यात मधुमेही झाले असल्यास आम्हांला थांबून विचार करावा लागतो. एकाच जनुकातील दोषामुळे होणारा हा मधुमेह वैद्यकात 'मोडी' या नावाने ओळखला जातो. ब्रिटिश वैद्य टॅटरसॉल यांनी १९७४ मध्ये अशा कुटुंबांचे वर्णन केले. ग्लुकोकायनेज जनुकाशी त्याचा संबंध १९९२ मध्ये उलगडला.

गोंदिया जिल्ह्यातील वाचकांना आनुवंशिक आजार परिचित आहे तो सिकलसेलमुळे. त्यात आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच अपत्य रुग्ण होते. 'मोडी'त एका पालकाकडून आलेले जनुक पुरेसे असते; प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, ते मिळण्याची शक्यता निम्मी. ग्लुकोकायनेजच्या प्रकारात उपाशीपोटीची साखर जन्मापासून किंचित वाढलेली राहते आणि गर्भारपण वगळता सहसा औषध लागत नाही. एचएनएफ-१ अल्फाच्या प्रकारात ती वयानुसार चढत जाते व उपचाराविना डोळे, मूत्रपिंडे बिघडतात. मात्र सल्फोनिलयुरिया वर्गातील स्वस्त गोळीची अल्प मात्रा बहुधा पुरते. रोज सुई टोचून घेणाऱ्या शेतमजुराच्या मुलास हा फरक लहान नव्हे.

सिकलसेलचा संबंध येथे आणखी एका प्रकारे येतो. तीन महिन्यांची सरासरी साखर दर्शविणारी एचबीए१सी तपासणी तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. सिकलसेलग्रस्तांत त्या लवकर नष्ट होतात, त्यामुळे अहवाल फसवा, कमी येतो. वाहकांतही काही यंत्रांवर तो चुकतो. या जिल्ह्यात केवळ त्या आकड्यावर विसंबू नये, असे आमचे मत आहे.

जनुकीय तपासणी सर्वांना नको. प्रतिपिंडे आढळली नाहीत आणि सी-पेप्टाइडवरून शरीराचे स्वतःचे इन्सुलिन टिकून असल्याचे दिसले, तरच रक्त पुढे पाठवावे. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने या विषयावर काम केले आहे. अवघड जाते ते घराण्याची माहिती मिळविणे. सोयरीक मोडेल या भीतीने आत्याची 'शुगर' लपविली जाते. निदान होईपर्यंत कोणीही इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. आजार टाइप १ निघाल्यास काही दिवसांतच रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो.