गोड औषधे आणि मुलांचे दात

भोर व वेल्हे भागातील हिरडस, गुंजण व कानद या मावळांत पावसाळा मोठा. खिडक्या लावून दाटीने बसलेल्या वर्गात एका मुलाचा खोकला दुसऱ्यास जडतो आणि घरोघर फळीवर गोड औषधाची बाटली येते. मूल कडू औषध थुंकते, गोड औषध आपण होऊन मागते. म्हणून औषधात साखर घालतात. शिवाय दाट पाकात औषध लवकर नासत नाही. औषधनिर्मितीत वापरावयाच्या साध्या पाकात वजनाने सुमारे दोन तृतीयांश साखर असते.

दातांवरील थरात राहणारे सूक्ष्म जंतू या साखरेपासून आम्ल तयार करतात. तेथील सामू ५.५ च्या खाली उतरला की दाताचे कठीण वेष्टन विरघळू लागते. लाळ हे आम्ल हळूहळू निवळविते. परंतु झोपेत लाळ अगदी कमी सुटते. निजतेवेळी दिलेला चमचाभर पाक म्हणूनच विशेष घातक होय. आम्लाची ही करणी मुलांना दाखवावयाची असल्यास अंड्याचे टरफल लिंबाच्या रसात ठेवावे. बुडबुडे येऊन ते झिजू लागते. (फळ्याचा खडू या प्रयोगास सहसा उपयोगी पडत नाही, तो बहुधा जिप्समचा असतो.)

चार दिवसांच्या खोकल्याने दात किडत नाहीत. खरा प्रश्न महिनोन्‌महिने औषध घेणाऱ्या, फेफऱ्यासारख्या विकाराच्या मुलांचा आहे. १९७९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, साखरयुक्त औषध दीर्घकाळ घेणाऱ्या बालकांत दातांची कीड इतरांहून लक्षणीय प्रमाणात अधिक आढळली. तथापि, दातांच्या भीतीने असे औषध पालकांनी परस्पर बंद करणे हे किडीहून कितीतरी भयंकर. साखरविरहित औषध अथवा गोळी मिळेल काय, हे डॉक्टरांस विचारावे. मनाई नसेल तर औषध जेवणाबरोबर द्यावे, त्यावर पाणी पाजावे, आणि रात्रीची मात्रा दात घासण्यापूर्वी द्यावी. दात घासण्यास मशेरी मात्र नको. ती तंबाखूच होय.

लोहाच्या पातळ औषधाविषयी वेगळीच तक्रार ऐकू येते. २०१८ साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांस ते आठवड्यातून दोनदा, १ मिलिलिटर, देण्याची योजना आहे. त्याने दात काळवंडले म्हणजे माता घाबरतात आणि बाटली बाजूला पडते. हा डाग वरवरचा असतो. ती कीड नव्हे. औषध जिभेच्या मागील भागावर सोडून वर पाणी पाजल्यास डाग कमी पडतो.

“दुधाचे दात, पडायचेच आहेत,” हे वाक्य शिक्षकांस पुष्कळदा ऐकावे लागते. पण किडलेल्या दाताचे मूल नीट चावीत नाही, रात्री ठणक्याने झोपत नाही, आणि वर्गात त्याचे चित्त लागत नाही. त्यातच सहाव्या वर्षाच्या सुमारास, पहिलीच्या वर्गात, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरच्यांस ती दुधाचीच वाटते. वस्तुतः ती कायमची असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा पहिली-दुसरीच्या मुलांची ही दाढ विजेरीच्या उजेडात आवर्जून पाहून घ्यावी, आणि नेहमी पातळ औषध घेणाऱ्या मुलांची नावे पथकास आधीच द्यावी.