उरलेले औषध

पाचगणी म्हटले की पाहुण्यांना टेबललँड आणि निवासी शाळा आठवतात. आमच्या घरातील जुन्या माणसांना आठवतात ते क्षयाचे रोगी. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 साली येथे बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार. 1943 साली स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला. पण हे औषध एकटेच दिले, तर काही महिन्यांत जंतू त्याला दाद देईनासे होतात, असे लवकरच दिसून आले. म्हणून अनेक औषधे एकत्र आणि पूर्ण मुदतीपर्यंत देण्याची पद्धत पडली.

हा धडा आमच्या गावाला नवा नाही. तरी मी तो विसरलो.

गेल्या हिवाळ्यात ताईच्या चार वर्षांच्या मुलाला सर्दी-ताप आला. ताई स्ट्रॉबेरीच्या खुडणीला जाते. मूल आजारी पडले की तिचा रोज बुडतो. फडताळात मागच्या आजारातील प्रतिजैविकाची अर्धी बाटली होती. ताई म्हणाली, "दे तेच, उद्या कामावर जायचंय." मी अंदाजाने चमचाभर पाजले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि जुलाब सुरू झाले.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावले. मुलांचा सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. प्रतिजैविक फक्त जिवाणूंवर चालते. ताप आपोआप उतरायचाच होता. आम्ही श्रेय औषधाला दिले. औषधाने मात्र पोटातील उपयुक्त जिवाणू मारले. शिवाय पाणी घालून तयार केलेले असे औषध थोडेच दिवस टिकते.

मग हा गैरवापर का होतो? मला वाटते, केवळ अज्ञानाने नव्हे. आईला रोज बुडण्याची धास्ती असते. औषध न देता परत पाठवले, तर रोगी दुसरीकडे जाईल, असे डॉक्टरला वाटते. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक विकू नये असा नियम असूनही दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही. प्रत्येकाचे कारण समजण्याजोगे आहे. परिणाम मात्र सर्वांच्या मुलांना भोगावा लागतो. जंतू निर्ढावले, की खऱ्या न्यूमोनियात तेच औषध निकामी ठरते.

म्हणून एवढे पाळावे: उरलेले औषध ठेवू नये, एकाचे दुसऱ्याला देऊ नये, डॉक्टरांनी दिलेली मुदत पुरी करावी. परंतु मुलाचा श्वास जलद चालला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा ते पाणीही पिईना, तर क्षणभरही थांबू नये.

ताईचे त्या आठवड्यात तीन रोज बुडाले. मूल आजारी असताना आईला घरी बसणे परवडावे, हा प्रश्न औषधशास्त्राचा नाही. तो आम्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आहे.