दुसऱ्याचे कृपादान

(शास्त्रपाठ: गणना ११:१०-३०)

एलदाद व मेदाद मंडपाकडे न जाता छावणीतच राहिले. तरी आत्मा त्यांच्यावर आला व ते संदेश सांगू लागले. यहोशवाला ते खपेना. त्यांना मना करा, असे त्याने मोशेला विनविले. त्याचा हेवा धन्यावरील निष्ठेच्या रूपाने आला होता. आपल्याही मंडळीत नव्या शिक्षकाभोवती मुले जमली, की आपल्याला शब्बाथ शाळेच्या शिस्तीची काळजी वाटू लागते!

मोशे मात्र आनंदला. लोकांचा भार एकट्याला पेलवत नाही, असे त्यानेच देवाला सांगितले होते. दुसऱ्याचे कृपादान हे पुष्कळदा आपल्याच प्रार्थनेचे उत्तर असते. ज्याचा हेवा वाटतो, त्याचे नाव घेऊन उपकारस्तुती करू या. आणि येत्या रविवारी आपल्या कामात त्याचे साहाय्य मागू या.