पाणकावळ्याशी भांडण्याआधी

बापू, मच्छीमार संस्थेनं यंदा तलावाची राखण तुझ्याकडे दिली, बरं झालं. पण पहिल्याच आठवड्यात तू गोफण विणायला बसलास म्हणे! ती तूर्त खुंटीला टांग आणि आत्याचं एवढं ऐक. भंडारा-गोंदियाचे हे मालगुजारी तलाव कोहळी समाजानं बांधले, तेव्हापासून धीवर आणि पाखरं एकाच पाण्यावर जगतात. भांडण जुनंच आहे, पण ते कुठं करायचं आणि कुठं सोडून द्यायचं, तेवढं कळलं की झालं.

१. आधी पाखरं ओळखायला शीक – पाणकावळा आणि तिरंदाज बुडी मारून मासा धरतात, ढोकरी आणि राखी बगळा काठावर ताटकळत. गुरांमागं फिरणारा गायबगळा मात्र बहुतेक नाकतोडेच टिपतो, आणि हिवाळी बदकं नि वारकरी मुख्यतः पाणवनस्पतींवर जगतात. पांढरं दिसलं की बगळा, आणि बगळा दिसला की चोर, असं नसतं रे.

२. भुकेचा हिशेब मांडून बघ – मोठा पाणकावळा दिवसाला अर्धा किलोच्या आसपास मासळी खातो, म्हणजे शंभर जमले तर रोजची पन्नास किलो. नुकसान खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे बहुतेक असतो तो लहान पाणकावळा. त्याचं स्वतःचंच वजन अर्धा किलोच्या आसपास, आणि तो मुख्यतः बारीक मासा गिळतो. त्यात झिंगे आणि गावठी मासळीही आली, सगळा तुझा कटला-रोहूच नव्हे.

३. आषाढ ते भाद्रपद डोळ्यांत तेल घालून राहा – आपण बीज सोडतो त्याच दिवसांत पाखरांच्या घरट्यांत पिल्लं असतात. तुझं बीज बारीक आणि त्यांची तोंडं उघडी, असा हा नेमका मेळ आहे. वर्षाची निम्मी राखण या तीन महिन्यांत करायची.

४. बीज वाढवून मगच तलावात सोड – जिरे, म्हणजे अगदी बारीक बीज, थेट मोठ्या पाण्यात टाकले तर कोणी खाल्ले ते विचारायलाही जागा उरत नाही. छोट्या तळ्यात वाढवून बोटभर लांबीची बोटुकली झाली, की ती पळायला शिकते आणि सहजासहजी कोणाच्या तोंडी लागत नाही. बिजात कंजुषी करणाऱ्याचा शिमगा बारमाही.

५. संगोपनाच्या तळ्याचे काठ उतरते ठेवू नकोस, दोन-तीन फूट सरळ खोल घे – बगळ्याला पाय टेकायला जागा नसली की त्याची शिकार तिथंच संपते. पाणकावळ्याला याचं काही नाही, तो पोहतच येतो.

६. त्याच्यासाठी तळ्यावर आडव्या-उभ्या दोऱ्या बांध, पण जाड आणि डोळ्यांना दिसणाऱ्या – त्याला उतरायला आणि उडायला पाण्यावर मोकळी धाव लागते, ती मोडली की तो दुसरीकडं जातो. बारीक तंगूस मात्र बांधू नकोस. तो दिसत नाही, पाखरू अडकून मरतं आणि तुझं काम वाढतं. जुन्या कॅसेटच्या फिती, बुजगावणं, डबे वाजवणं, सगळं चालेल. फक्त दर दोन-तीन दिवसांनी जागा बदल – पाखरं आपल्याहून लवकर शहाणी होतात. आठवडाभर एकाच जागी उभ्या असलेल्या बुजगावण्याच्या डोक्यावर मी पाणकावळा पंख वाळवताना पाहिलाय.

७. बोटुकलीची पिशवी उघडायची घाई करू नकोस – आधी ती पाण्यावर वीसेक मिनिटं तरंगू दे, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार होऊ दे, नाहीतर पिल्लू गांगरून वर येतं आणि पोटाची चमक लांबून दिसते. सोडायचं सांजवेळी, चार-पाच ठिकाणी, गवताच्या आडोशानं. सगळं एका घाटावर ओतलंस तर ते बीज नव्हे, जेवणाचं आमंत्रण.

८. बीज सोडण्याआधी तळ्यातल्या मरळीचा बंदोबस्त कर – पंख वाळवणारा पाणकावळा साऱ्या गावाला दिसतो, पाण्याखाली पोट भरणारी मरळ कोणालाच दिसत नाही. छोटं तळं आटवून, गाळ उपसून घेणं हाच त्यावर खरा इलाज.

९. जाळ्यात आलेला मासा हातात घेऊन नीट बघ – कुशीत आरपार भोक असलं तर तिरंदाज किंवा बगळा, ओरखडे असले तर आकडीदार चोचीचा पाणकावळा. अशा जखमेवर कापसासारखी बुरशी धरते. तो मासा लगेच वेगळा काढ.

१०. खवल्यांवर काळे ठिपके दिसले तर बगळ्याआधी गोगलगायी वेच – हे ठिपके एका कृमीचे, आणि तो गोगलगायीतून माशात आणि माशातून पाखरात फिरतो. त्यातलं आपल्या हाती सापडतं ते एवढंच.

११. पहाटे काठावर अचानक बगळ्यांची दाटी झाली, तर दगड उचलण्याआधी पाण्याकडं बघ – मासे तोंड वर काढून धापा टाकत असतील तर पाण्यातला प्राणवायू संपलाय. खत-खाद्य बंद कर, ताजं पाणी सोड. बगळा तुला फुकट निरोप देऊन गेला.

१२. जाळी उजाडायच्या आत उचल, आणि फाटकं जाळं पाण्यात सोडून येऊ नकोस – अडकलेला मासा पाखराला बोलावतो, पाखरू जाळं फाडतं, आणि तिरंदाज गुंतला तर बुडून मरतो.

१३. विष, फास, घरट्यांचं झाड तोडणं, हे मनातही आणू नकोस – १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ही पाखरं राखलेली आहेत. शिवाय विष घातलेल्या पाण्यावर तुझीच गुरं येतात. आणि या झाडांखाली पडणारी विष्ठा पाण्यात मिसळते, तिच्यावर माशांचं सूक्ष्म खाद्य वाढतं, हेही हिशेबात धर.

१४. काठावरची बेशरमाची झुडपं उपटून काढायला बायकांच्या बचतगटाला हाताशी घे – बेशरम माजली की देशी पाणवनस्पती हटतात, आणि मासोळीची लपायची नि अंडी घालायची जागा जाते. लपायला जागा नसलेल्या तलावात पाखरं वाढली नाहीत तरी मासे कमीच दिसतात.

१५. एक वही ठेव. बीज कोणत्या तारखेला आलं, किती आलं, केवढं होतं, पाखरं किती, जाळ्यात काय निघालं, सगळं लिही – संस्थेच्या सभेत आवाज चढले की वहीच कामी येते. बोटुकलीची पिशवी उतरवून घेताना नमुन्याला मूठभर पिल्लं स्वतः मोजून बघ. पुरवठादाराच्या पिशवीतच बीज कमी भरलं असेल, तर त्याची भरपाई पाणकावळ्याकडून मागू नकोस.