लग्नपत्रिका, १ जून आणि ९९ टक्के

माढा, जि. सोलापूर

 चिरंजीव भाच्याच्या पीएच.डी.च्या संशोधनाचा आराखडा येथे पोचला असून, अँड्रॉइड फोनमधील घातक अ‍ॅप ओळखणारी नियोजित पद्धत ९९ टक्के अचूक ठरल्याचे त्याच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. प्रस्तुत पत्र मुख्यतः त्या एका आकड्याविषयी आहे. उरलेल्या आराखड्यात, शुद्धलेखन आणि शेवटी सांगितलेल्या दोन गोष्टी सोडल्या तर, दोष काढण्यासारखे फारसे नाही.

ज्या वस्तूचा शोध घ्यावयाचा ती माणसापर्यंत कशी पोचते, हे संशोधकाने आधी नीट पाहिले पाहिजे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात लग्नसराईच्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लग्नपत्रिका’ अशा नावाची फाइल येऊ लागली आहे. पत्रिका म्हटली की ती छायाचित्र किंवा पीडीएफ असावयाची. या फाइलच्या नावाच्या शेवटी मात्र ‘एपीके’ असते, म्हणजे ती पत्रिका नसून फोनमध्ये अ‍ॅप बसविण्याचे गाठोडे असते. ते सोडू पाहणाऱ्यास फोन एकदा अडवतो, अनोळखी ठिकाणाहून आलेले अ‍ॅप बसवावयाचे काय असे विचारतो, आणि वधूवरांची नावे पाहण्याच्या घाईत होकार दिला जातो. मग ते अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि तीही मिळाली की बँकेकडून येणारा ओटीपी, म्हणजे एका व्यवहारापुरता चालणारा गुप्त अंक, थेट चोराच्या हाती पडतो. पुढे तीच फाइल त्याच फोनवरून सोयऱ्याधायऱ्यांना जाते, आणि पाठविणारा घरचाच असल्यामुळे ती निःशंकपणे उघडली जाते. यात फसलेल्याला अडाणी ठरविणे सोपे आहे, परंतु आलेली पत्रिका उघडूनही न पाहणे हा ज्या समाजात अपमान समजला जातो, तेथे चोराने तंत्राइतकाच रिवाजही अभ्यासलेला आहे, एवढेच म्हणता येते.

अशी फाइल ओळखण्याची जुनी रीत ‘सिग्नेचर’ची होती. सापडलेल्या प्रत्येक घातक प्रोग्रॅमची एखादी खूण नोंदवून ठेवावयाची आणि नवी फाइल आली की ती त्या नोंदवहीशी ताडून पाहावयाची, असे तिचे स्वरूप होते. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून ‘क्विक हील’ उभे केले, तो काळ या नोंदवहीचा होता. फाइलमध्ये क्षुल्लक फेरफार करून खूण बदलता येते, हे चोरांना कळल्यावर ती रीत एकटी पुरेनाशी झाली. शिवाय कोणताही प्रोग्रॅम घातक आहे की नाही हे नेहमी अचूक सांगणारी पद्धत असूच शकत नाही, हे फ्रेड कोहेन याने १९८० च्या दशकातच तर्काने सिद्ध केले होते. म्हणून आता अ‍ॅप मागत असलेल्या परवानग्या आणि त्याचे प्रत्यक्ष वर्तन यांवरून संगणकाला अंदाज बांधावयास शिकविले जाते. चिरंजीवाचा आराखडाही याच वाटेने जातो.

आता ९९ टक्क्यांकडे वळावे. समजा, १,००,००० अ‍ॅप तपासली आणि त्यांत खरोखर घातक १०० आहेत. पद्धत घातक अ‍ॅप शंभरांत ९९ वेळा पकडते आणि निरुपद्रवी अ‍ॅपवर शंभरांत एकदाच खोटा आळ घेते. तर ९९ चोर सापडतील, हे खरे. पण उरलेल्या ९९,९०० सज्जनांपैकी ९९९ जणांवरही आळ येईल, म्हणजे दर अकरा इशाऱ्यांत जेमतेम एक खरा निघेल. दहा वेळा फुकट ओरडलेल्या राखणदाराचे अकराव्या वेळी कोण ऐकतो? मुळात दुर्मिळ असलेल्या गोष्टीच्या शोधात होणारी ही चूक स्टीफन अ‍ॅक्सेलसन याने १९९९ मध्ये घुसखोरी ओळखणाऱ्या यंत्रणांबाबत दाखवून दिली, तरीही प्रबंधांतून ती अद्याप गेलेली नाही. आराखड्यातील चाचणीत निम्मी अ‍ॅप घातक धरली आहेत. निम्मी अ‍ॅप घातक असलेला फोन माढ्यात काय, कोठेच सापडणार नाही.

दुसरी गोष्ट काळाची. चाचणीसाठी घेतलेला ‘ड्रेबिन’ हा संग्रह २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १७९ कुळांतील ५,५६० घातक अ‍ॅप आहेत, आणि ती २०१० ते २०१२ या काळात गोळा केलेली आहेत. त्या अ‍ॅपांना लग्नपत्रिकेची युक्ती ठाऊक नव्हती. त्याहून सूक्ष्म दोष असा, की संग्रह पत्त्यांसारखा पिसून त्याचे शिकविण्याचे आणि तपासण्याचे भाग पाडले, तर पद्धत उद्याची अ‍ॅप पाहून कालची ओळखते. २०१९ च्या ‘टेसरॅक्ट’ या संशोधनाने नेमके हेच दाखविले, की काळाचा क्रम पाळताच असे झळझळीत आकडे झपाट्याने उतरतात. ते उतरले म्हणून संशोधकास कमीपणा येत नाही. उतरलेला आकडा छापावा.

खाजगीपणाचे प्रकरण आराखड्यात दोन ओळींत उरकले आहे, ते खटकते. ज्यांच्या फोनमधून नोंदी घ्यावयाच्या त्यांची नावे गाळली म्हणजे ओळख पुसली, असे तेथे गृहीत धरले आहे. परंतु लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून असा हिशेब मांडला होता, की केवळ पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून ८७ टक्के अमेरिकन माणसे एकमेवपणे ओळखता येण्याजोगी ठरतात. येथे एका पिनकोडखाली ३०,००० माणसे धरली, तरी सत्तर वर्षांच्या सुमारे २५,५०० तारखा आणि स्त्री-पुरुष मिळून ५१,००० खण होतात, म्हणजे सुमारे निम्मी माणसे आपापल्या खणात एकटीच उरतात. अर्थात या हिशेबात गावाकडे एक गंमत आहे. शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसली, की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. त्यामुळे जुन्या पिढीतील कितीतरी माणसे त्या एका तारखेच्या गर्दीत आपोआप लपलेली आहेत, आणि दवाखान्यात जन्मलेली त्यांची नातवंडे मात्र उघड्यावर आहेत. अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा उतरवून घेण्यापेक्षा हा हिशेब येथील नोंदींवर कोणी केला, तर तेच एक स्वतंत्र प्रकरण होईल.

एखाद्या पतसंस्थेची वेबसाइट परवानगीवाचून ‘तपासून’ पाहण्याचा जो बेत टिपेत लिहिला आहे, तो मात्र सोडावा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे अंगाशी येते, आणि ‘अभ्यासासाठी’ हे उत्तर पोलीस ठाण्यात फारसे चालत नाही.

नवरात्रात माढेश्वरीच्या दर्शनास येणे होईलच, तेव्हा काळाच्या क्रमाने मांडलेला नवा तक्ता बरोबर असावा. चाचणीसाठी आजीचा जुना फोन काढून ठेवला आहे. त्यातील सिमकार्ड आणि तिचे सगळे मेसेज मात्र आधीच काढून घेतले आहेत.