आकाशदर्शनास नेलेली घरची दुर्बीण

ईयोबाच्या पुस्तकांत कृत्तिका व मृगशीर्ष यांचीं नांवें आलीं आहेत, हें आपणांस ठाऊक आहे. साध्या डोळ्यांस कृत्तिकांचे सहा-सात तारे दिसतात. हातानें घडविलेल्या मोठ्या दुर्बिणींतून तेथेंच डझनावारी दिसूं लागतात.

अशी दुर्बीण स्वस्तांत करून लोकांपुढें नेण्याची रीत जॉन डॉब्सन यानें पसरविली. त्याचा जन्म १९१५ सालीं पेकिंग येथें झाला. त्याच्या आईचे वडील तेथें मेथॉडिस्ट मिशनरी होते. तो स्वतः मात्र १९४४ त सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत मठांत संन्यासी झाला, आणि टाकाऊ कांचा घासून आरसे करूं लागला. १९६७ सालीं त्यास मठ सोडावा लागला. पुढें तो रस्त्याच्या कडेस दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्यास चंद्र दाखवीत असे. पंथ आपला नव्हे. परंतु हें करणें आपल्या मंडळ्यांनीं घेण्याजोगें आहे. पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, व तेथील आयुका संस्थेनें आरसे घासण्याचीं शिबिरेंही भरविलीं आहेत.

कांचेच्या दोन चकत्यांमध्यें कार्बोरंडमची पूड व पाणी घालून वरची चकती मागेंपुढें घासीत गेलें म्हणजे ती खोलगट होते. शेवटीं तिच्या पृष्ठभागांत एका मिलिमीटरच्या चौदा हजाराव्या भागाइतकीही चूक राहूं नये! बारा इंची आरसा सहा इंचीच्या चौपट प्रकाश गोळा करितो.

अहिल्यानगर जिल्ह्यांत अकोले तालुक्याचा भंडारदऱ्याकडील डोंगराळ भाग ह्या कामीं चांगला. नाताळापूर्वींच्या अमावास्येच्या सुमाराची रात्र निवडावी. आरसा निराळ्या पेटींत गोधडींत गुंडाळून न्यावा, आणि दिवस मावळण्यापूर्वींच पोंचावें. कारण आरसा रात्रीच्या हवेइतका थंड होईपर्यंत तारे पाण्यांत पडल्यासारखे हालतात. वाटेंतील हिसक्यांनीं आरसे सरकतात, ते पुन्हां एका रेषेंत आणावे. विजेरीवर तांबडें फडकें बांधावें. अंधारास डोळा सरावण्यास अर्धा तास लागतो.

खरी अडचण पुढेंच आहे. रांगेंतील मनुष्य डोळा लावितो, आणि "दिसलें का?" असें विचारतांच भिडेनें "हो, दिसलें" म्हणून बाजूस होतो. त्यास कांहींच दिसलेलें नसतें. म्हणून "काय दिसलें?" असें विचारावें. देवयानी तारकाविश्व रंगीत चित्राप्रमाणें न दिसतां धुरकट डागासारखें दिसेल, व तो उजेड सुमारें पंचवीस लक्ष वर्षांपूर्वीं निघालेला आहे, हें आधींच सांगून ठेवावें. मुलांकरितां स्टूल असावें. म्हाताऱ्यांस घाई करूं नये. मागची रांग थांबेल.

पहांट होऊं लागतांच नळीचें तोंड झांकून आरसा पेटींत घालावा. चुकूनही कोणी ती सूर्याकडे वळवून डोळा लाविला, तर दृष्टि कायमची जाईल.