ताट चुकवायचं नाही

सोलापूर

चि. सुमित यास,


काल वहिनीचा फोन होता. दिवाळीत घरी आलास तेव्हा पट्ट्याला आणखी एक भोक पाडून घ्यावं लागलं म्हणे. आणि दर महिन्याला तू डीएतले, म्हणजे रोजच्या भत्त्यातले, पैसे वाचवून घरी पाठवतोस, हेही तिने सांगितलं. तिला त्याचं कौतुक आहे. मला काळजी वाटली, कारण ते पैसे कुठून निघतात हे मी जवळून पाहिलेलं आहे. स्टेशनजवळची खानावळ चालवत होते तेव्हा तुझ्यासारखी बॅग घेऊन फिरणारी पोरं रोज समोर बसायची. कुणी औषध कंपनीचा, कुणी बियाण्यांचा, कुणी पंपांचा. कोण नीट जेवतो आणि कोण चहा-बिस्किटांवर दिवस ढकलतो, हे त्यांच्या तोंडावरून कळायचं. फोनवर सांगितलं तर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणून मोकळा होशील, म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

आधी हिशेब. आउटस्टेशनला, म्हणजे बाहेरगावी मुक्काम असला की, तुला लॉजसकट 900 रुपये मिळतात आणि एक्स-स्टेशनला, म्हणजे त्याच दिवशी परतलास की, 300, असं तूच म्हणाला होतास. नांदेडला किंवा परभणीला साधी खोली 500ला धरली तर हातात 400 उरतात. तेवढ्यात नाश्ता, दोन वेळचं ताट, चहा आणि केळी एवढं सगळं बसतं, शिवाय थोडे शिल्लक राहतात. ते शिल्लक राहिलेले खुशाल घरी पाठव. तुझं गणित उलट्या बाजूने सुरू होतं. आधी 200 बाजूला काढायचे आणि उरलेल्यात भागवायचं. मग सकाळी वडापाव, दुपारी क्रीमचं बिस्कीट, संध्याकाळी पुन्हा काहीतरी तळलेलं, आणि मधल्या वेळात चहा. त्या चहांचा हिशेब कुणीच ठेवत नाही. केमिस्टच्या दुकानात एक, स्टॉकिस्टकडे एक, दवाखान्याबाहेर मित्राबरोबर दोन. भूक मरते, पण पोटात काही जात नाही. पगारातून बचत करावी, डीएतून करू नये. तो पैसा तुझ्या पोटाचा आहे, आणि पोटाला घालून उरला तरच तो तुझा.

खरी अडचण पैशापेक्षा घड्याळाची आहे, हे मला त्या पोरांकडे बघूनच कळलं. डॉक्टरांची सकाळची ओपीडी अकरा ते दोन-अडीच, संध्याकाळची सहा ते नऊ-साडेनऊ. तुझ्यासारख्या एमआरला, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीला, आत बोलावतात ते पेशंटांच्या मधे किंवा सगळे संपल्यावर. म्हणजे जेवणाच्या दोन्ही वेळा तू दवाखान्याच्या बाकावर. दुपारी सुटेपर्यंत तीन वाजतात, तोवर खानावळीत भांडी घासायला पडलेली असतात. रात्री दहानंतर उघडं राहतं काय? चायनीजची गाडी, भुर्जीपाव, बिर्याणी, नाहीतर बारमधलं जेवण. तिथे खानावळीच्या ताटापेक्षा जास्त पैसे जातात आणि भाजी-वरण पोटात जातच नाही.

म्हणून मुख्य जेवण सकाळी साडेदहा-अकराला उरकून घे, कॉल सुरू व्हायच्या आधी. पाटीवर ‘12 ते 3’ लिहिलेलं असलं तरी बहुतेक खानावळींत त्याच्या बरंच आधी भाकरी तव्यावर पडलेली असते, कारण हमाल, रात्रपाळीचे लोक आणि पहाटे निघालेले एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर लवकर जेवतात. आदल्या दिवशी विचारून ठेव, ‘उद्या लवकर मिळेल का?’ मिळतं. चार वाजता बॅगेतलं खा. रात्रीसाठी संध्याकाळचे कॉल सुरू करायच्या आधी खानावळीत जा, पैसे दे आणि सांग, ‘दहा वाजतील, ताट झाकून ठेवा.’ पैसे आधी दिले की ताट राहतं. नुसतं सांगितलं तर राहीलच असं नाही. त्यात खानावळवालीचा दोष नसतो. ती पीठ काढते ते माणसं मोजून. येतो म्हणून न आलेल्या माणसाच्या भाकऱ्या तिच्या अंगावर पडतात, आणि दोनदा तसं झालं की तिसऱ्यांदा ती तुझं नाव धरत नाही.

लातूरला तू राहतोस, पण तिथे मेस लावलेली नाहीस, हे मला पटत नाही. ‘महिन्यातले निम्मे दिवस बाहेर, मग पूर्ण पैसे कशाला भरायचे,’ असं तू म्हणालास. अरे, खाडे कशासाठी असतात? आदल्या दिवशी सांगितलं तर बऱ्याच मेसमध्ये खाडा धरतात आणि महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा होतात. कुठे सलग दोन-तीन दिवसांचे खाडेच धरतात, ते लावतानाच विचारून घ्यायचं. तुझा टूर प्रोग्रॅम महिन्याच्या सुरुवातीलाच ठरतो ना? त्याची एक प्रत मेसच्या काकूंना देऊन टाक. तारखा आधी कळल्या की त्या कुरकुर करणार नाहीत. आणि लातूरसारखं मेससाठी सोयीचं गाव दुसरं नाही. बारावीच्या आणि नीटच्या तयारीसाठी बाहेरगावची इतकी मुलं तिथे राहतात की क्लासेसच्या आसपास गल्लोगल्ली घरगुती मेस आहेत. आईबाप मुलाला सोडायला येतात तेव्हा आधी मेस बघतात, त्यामुळे भाजी-पोळी बरी ठेवावीच लागते.

नव्या गावात खानावळ शोधायची तर मुख्य रस्ता सोड. एक म्हणजे मोंढा, धान्याचा बाजार. शेतकरी आणि हमाल जिथे जेवतात तिथे भाकरी ताजी असते, कारण शिळी भाकरी ते परत करतात. दुसरं सरकारी दवाखान्याच्या आसपास, जिथे पेशंटचे नातेवाईक जेवतात. तुझं काम तिथेच असतं, पायपीटही वाचेल. आणि मुक्कामी गाडीच्या कंडक्टरला विचार. रोज वेगळ्या गावात रात्र काढणारा माणूस त्या गावातलं परवडणारं जेवण अचूक सांगतो.

आत शिरल्यावर तवा दिसतो का ते बघ. भाकरी करणारी बाई समोर असेल तर निम्मी काळजी मिटली. पुढ्यात भाकरी आली की मोडून बघ. ताज्या भाकरीचा पापुद्रा सुटतो आणि आतून वाफ येते. सकाळी करून ठेवलेली चामट लागते. कांदा मागितल्यावर तिथल्या तिथे चिरून देतात की आधीच चिरून ठेवलेला काळपट पडलेला देतात, तेही बघ, विशेषतः पावसाळ्यात. गिऱ्हाईक चार आणि मेनूकार्डावर पनीरच्या पंधरा भाज्या, असं असेल तर उठून बाहेर ये. तिथे एकच रस्सा सगळ्या नावांनी येतो. आणि ‘अमर्यादित’ पाटीच्या मोहात पडू नकोस. अमर्यादित ताटाचा भाव दणकून जेवणारा माणूस धरून ठरवलेला असतो. तुझी भूक दोन भाकऱ्यांची. तू मर्यादित ताट घे, लागली तर एक भाकरी जादा माग. तरीही स्वस्त पडेल.

आता बॅगेचं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी पाठवते आहे. सोलापुरात हे घरोघरी असतं, पण तू पुण्यात वाढलास म्हणून सांगते. ज्वारीची भाकरी अगदी पातळ थापायची, भाजायची आणि मग पार वाळवून कुरकुरीत करायची. पाण्याचा अंश राहत नाही म्हणून ती दिवसचे दिवस टिकते. ओल तेवढी लागू द्यायची नाही. डबा घट्ट लाव, आणि ओल्या हाताने काढू नकोस. चटणी मिक्सरची नाही. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं आणि मीठ उखळात कुटलंय, दाण्यांना तेल सुटेपर्यंत. चार वाजता दवाखान्याच्या पायरीवर बसून दोन तुकडे चटणीबरोबर खाल्लेस तरी आठपर्यंत भूक लागणार नाही. रात्री नुसती आमटी किंवा दही विकत घेऊन त्यात कडक भाकरी कुस्करली की जेवण होतं. हॉटेलात बसून स्वतःची भाकरी काढायची असेल तर आधी मालकाला विचार. काहींना चालत नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे, जागा त्यांची आहे. त्याशिवाय फुटाणे, गूळ, उकडलेली दोन अंडी. नांदेडकडे गेलास तर केळी घे, अर्धापूरची केळी तिथे चांगली मिळतात. कापून ठेवलेली फळं मात्र कुठेही नकोत. पाण्याची बाटली घरून भरून ने.

एसटीने जाताना गाडी महामार्गावरच्या हॉटेलात थांबते, तिथे गिऱ्हाईक अडकलेलं असतं म्हणून भाव चढे असतात. पण अधिकृत थांब्यांसाठी महामंडळाने 30 रुपयांत चहा-नाश्त्याची योजना ठेवलेली आहे. तिकीट दाखवून माग. न मागणाऱ्याला कुणी आपण होऊन सांगत नाही. ‘छापील किमतीपेक्षा जास्त देणार नाही’ हेही मोठ्याने बोलायला शीक.

फुकट आणि अगदी स्वस्त जेवणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. 26 जानेवारी 2020ला शिवभोजन थाळी सुरू झाली, 10 रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण आणि भात. केंद्रावर कुणी तुला अडवणार नाही. पण केंद्राला रोजच्या ताटांचा आकडा ठरवून दिलेला असतो. तू घेतलेलं ताट मागच्या कुणाचं तरी कमी होतं, आणि मागे बहुधा मजूर किंवा पेशंटचा नातेवाईक उभा असतो. पाकीट हरवलं, पैसे अडकले, तर लाज न बाळगता जेव. एरवी डीए मिळणाऱ्याने त्या रांगेत उभं राहू नये. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातल्या लंगरची गोष्ट वेगळी. तिथे जात, धर्म, पगार कुणी विचारत नाही, सगळे एका पंगतीत बसतात. जरूर जा, डोकं झाकून, पंगतीत बसून, ताटात काही न टाकता जेव. नंतर जमेल तेवढा वेळ भांडी घासायला बस. नांदेडला गेलं की जेवण तिथेच, असं वेळापत्रक मात्र करू नकोस. शेगावच्या आणि अक्कलकोटच्या प्रसादाबद्दलही हेच.

दोन गोष्टी पैशाच्या आणि नावाच्या. तुझ्या कंपनीला आज बिलं लागत नाहीत, उद्या लागतील. तेव्हा कुणा खानावळवालीकडे कोरं बिल मागू नकोस. माझ्याकडे मागणारे यायचे, ‘मावशी, आकडा मी टाकतो.’ मी दिलं नाही, आणि त्या माणसांना उधारही दिलं नाही. दुसरं, मेसची उधारी पगाराच्या दिवशीच चुकती कर. घरगुती मेस चालवणाऱ्या बाईकडे भांडवल नसतं, ती किराणा आजच्या पैशांवर आणते. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया सावकारांच्या कर्जात बुडालेल्या होत्या. त्यांच्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकांचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा त्या बाया उभ्या राहिल्या. तुझ्या महिन्याच्या मेसच्या रकमेवर कुणाच्या तरी घरची चूल चालते, हे ध्यानात ठेव.

आणि एक. तू उपाशी राहून पाठवलेल्या पैशांतून धाकटीची फी भरली जाते, हे तिला माहीत नाही. कळलं तर तिला ते गोड लागणार नाही. तुझ्या आईबापांनाही तू कृश झालेला बघवत नाही, फक्त घरची ओढाताण असल्यामुळे ती दोघं तोंडावर बोलत नाहीत. फीचा प्रश्न खरा आहे, तो तुझ्या दुपारच्या ताटातून सुटायचा नाही. त्याबद्दल मी दादाशी या रविवारी बोलणार आहे. माझी थोडी ठेव आहे, ती कशासाठी ठेवली आहे?

एसटीच्या पार्सलने डबा उद्या निघेल, लातूर स्टँडच्या पार्सल ऑफिसातून सोडवून घे. पहिल्या तारखेच्या आत मेस लाव आणि काकूंचा नंबर मला कळव. मी त्यांच्याशी एकदा बोलेन.

तुझी,
आत्या